भोंग्यातली खरखर

दिवाळी सरली की आमच्याकडे धान पिवळं पडतं आणि रस्त्यावर भोंगे फिरायला लागतात. इकडे विळ्याला धार लावायची, तिकडे कान देऊन ऐकायचं, आज कुठल्या गावी मंडईची जत्रा आहे, कुठे शंकरपट, कुठे नाटक. बैल दिवसा पळतात, नाटक रात्री होतं आणि होळी आली की दोन्ही बंद. मधल्या या थंडीला आम्ही हंगाम म्हणतो. धानाचाही तोच आणि नाटकाचाही तोच. हंगामात माणसाला झोप कमी मिळते आणि त्याची तक्रार कोणी करत नाही.

परवा नातजावई नवी मोटारसायकल दाखवायला घेऊन आला. तिच्यात रेडिओ आधीपासूनच बसवलेला. नात म्हणाली, "आजी, माया फोनमधलं गाणं तिकडं वाजते पाय." फोन तिच्या हातात, गाडी अंगणात, मध्ये काहीच नाही. गाणं वाजलं.

"तार कुठी हाय?" मी विचारलं.

"तार लागतच नाई आता."

"मंग बिघडलं तं पाहाचं कुठी?"

दोघंही हसले. मी काही हसवण्यासाठी बोलले नव्हते. आमच्या एका हंगामात आम्ही फक्त बिघाडच शोधत फिरलो होतो, तोही तारेतारेने. ते त्यांना सांगत बसले नाही. चहा ठेवला.

माझा नवरा सुखदेव भोंगा फिरवायचा. नाटकाचा, मंडईचा, कधी लस टोचणाऱ्यांचा, जयंतीला आमच्या विहाराचा. शिक्षण माझ्याएवढंच, चौथी. पण आवाज असा, की गाढवी नदीच्या या काठावरून त्या काठाच्या म्हशी वळवाव्या. आधी तो सायकलवर पत्र्याचा कर्णा घेऊन जायचा. मग ऐंशीच्या पुढे कधीतरी त्याने माजरीच्या कोळशाच्या खाणीतल्या एका बाबूची जुनी फटफटी आणली. बाबूला बातम्यांचा शौक होता. त्याने हँडल आणि टाकीच्या मध्ये टिनाच्या डब्यात रेडिओ पक्का बसवून घेतला होता. तो काढायचा तर अर्धी फटफटी खोलावी लागली असती. पहिलं वर्षभर त्या रेडिओच्या जाळीतून काळी भुकटी पडायची. मी रोज पुसायची, रोज पडायची.

रेडिओ असलेली फटफटी गावात दुसरी नव्हती. संध्याकाळी माणसं आमच्या अंगणात येऊन तिच्याभोवती बसत, जशी शेकोटीभोवती बसतात. पण सुखदेवला बातम्यांचं काही नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच, की हा डबा जर दुसऱ्याचं बोलणं एवढं मोठं करून सांगतो तर माझं का नाही सांगणार.

आरमोरीच्या बाजारात गुलाबभाऊचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने रेडिओचा आवाज वाढवायच्या गुंडीमागून एक तार बाहेर काढली आणि ती टेपरेकॉर्डरला जोडली. टेपला माईक जोडला. रेडिओतून दुसरी तार काढून मागे भोंग्याला दिली. म्हणजे सुखदेव माईकमध्ये बोलणार, ते टेपमधून रेडिओच्या पोटात जाणार, तिथे मोठं होऊन भोंग्यातून बाहेर पडणार. पहिल्यांदा बोलून पाहिलं तेव्हा बाजारातल्या वांगेवाल्या बाया उठून उभ्या राहिल्या. गुलाबभाऊ म्हणाला, "सुखदेवभाऊ, आता तू सोताच रेडिओ स्टेशन झाला गा."

एक खोट मात्र निघाली नाही. इंजिन चालू असलं की भोंग्यातून लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा, बोललेलं काही कळायचं नाही. इंजिन बंद केलं की बोलणं स्वच्छ, पण मग सगळं ओझं बॅटरीवर, आणि बॅटरी म्हातारी. गुलाबभाऊने काय काय लावून पाहिलं. शेवटी हात झटकले. "एक तं चाल, नाई तं बोल. दोन्ही होत नाई." म्हणून सुखदेव प्रत्येक गावच्या चौकात फटफटी स्टँडवर लावायचा, इंजिन बंद करायचा, घसा खाकरायचा, मग बोलायचा.

भोंगा बसवायला मागे लोखंडी कडं केलं होतं. आमच्या रस्त्यांनी ते पहिल्याच हंगामात मोडलं. पुन्हा जोडलं, पुन्हा मोडलं. मग धान कापून झालं की मीच मागे बसायची, भोंगा मांडीवर घेऊन. मागच्या चाकाची धूळ, समोरून थंडी, मांडीवर तो गार पत्रा. गावात शिरलो की कोणी ना कोणी ओरडायचंच, "काय सुखदेवभाऊ, दोन दोन भोंगे घेऊन फिरून राह्यला का गा?" मी म्हणायची, "दोनातला एक तरी त्याचं ऐकते."

त्या भोंग्याची एक गोष्ट मला माहीत होती ती दुसऱ्या कोणाला माहीत असायचं कारण नाही. सुखदेव बोलायला लागला की भोंग्याचा पत्रा माझ्या मांडीवर थरथरायचा. "हो ऽऽ बंधू आणि भगिनींनो" म्हटलं की ती थरथर पोटापर्यंत यायची. कानांनी ऐकायची गरजच नव्हती. पहिल्या हंगामात मला त्याची लाज वाटायची. नंतर सवय झाली.

मग तो हंगाम आला. मंडईच्या आधीच त्याचा घसा बसला. पण आमच्याकडे घसा बसणं ही तक्रार नाही. नाटकातली माणसं रात्र रात्र गातात, हंगामात त्यांचे घसे फाटलेलेच असतात, आणि ज्याचा घसा साफ त्याला कामच मिळालं नाही असं समजतात. लोक उलट कौतुकाने विचारायचे, "घसा बसला वाटते भाऊ? म्हणजे धंदा जोरात!" सुखदेव गालातला सुपारी-तंबाखूचा खर्रा या बाजूचा त्या बाजूला करायचा आणि मान हलवायचा. त्याला ते आवडायचं. मी हळद घातलेलं दूध द्यायची, तो प्यायचा, पुन्हा खर्रा घोटून तोंडात टाकायचा.

पण भोंग्यातून जे येत होतं ते बसलेल्या घशाचं वाटत नव्हतं. मध्येच आवाज फाटायचा, मध्येच नुसती हवा यायची, आणि मागून सारखी खरखर. एका गावी एक म्हातारा म्हणाला, "भोंग्यात उंदीर शिरला का गा?" सगळे हसले. सुखदेवही हसला. त्याच दिवशी आम्ही गुलाबभाऊकडे गेलो.

गुलाबभाऊने आधी भोंगा उघडला. आतला पडदा बदलला. खरखर गेली नाही. मग रेडिओ लावून पाहिला, बातम्या टनटन वाजल्या. म्हणजे रेडिओ चांगला, भोंगा चांगला. मग टेपपासून रेडिओपर्यंतची तार बदलली. मग बॅटरी. बॅटरी बदलल्यावर दोन गावं बरी गेली, सुखदेव म्हणाला, "पाय, मी म्हणत नव्हतो?" तिसऱ्या गावी पुन्हा तेच. मग माईक बदलला. सगळा पौष महिना असा गेला. बिघाड मागून पुढे सरकत होता. भोंगा झाला, रेडिओ झाला, तार झाली, माईक झाला. माईकच्या पुढे त्याचं तोंड होतं. तिथे कोणी गेलं नाही.

मला तेव्हा कळलं होतं का, असं नात विचारते. मला एवढंच कळत होतं की पत्रा पूर्वीसारखा हलत नाही. त्यावरून काय समजायचं ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "दवाखान्यात दाखव." तो म्हणाला, "मशीनले दवाखाना नसते." आणि तो खरं मानूनच बोलत होता. मशीन रोज हाताळणाऱ्या माणसाला सगळं मशीनमध्येच बिघडतं असं वाटतं. आम्ही शेतात राबणाऱ्या बाया, आम्हाला सगळं पाण्यापावसानेच होतं असं वाटतं.

आता राहिला होता टेप. गुलाबभाऊ म्हणाला, "याचं डोकं झिजलं असन. एखादी जुनी कॅसेट लावून पाहू." त्याच्या फळीवर एक कॅसेट होती. मागच्या साली त्याने गंमत म्हणून सुखदेवचा एक पुकारा भरून ठेवला होता. मी दुकानाच्या पायरीवर भोंगा मांडीवर घेऊन बसले होते. त्याने गुंडी दाबली.

"हो ऽऽ बंधू आणि भगिनींनो, आज रात्री ठीक नऊ वाजता."

पत्रा माझ्या मांडीवर असा थरथरला की मी दोन्ही हातांनी धरला. खरखर नाही, काही नाही. तोच टेप, तीच तार, तोच रेडिओ, तोच भोंगा. बाजारात आवाज खणखणीत पसरला. सायकल हातात धरून जाणारा एक माणूस थांबून म्हणाला, "काय भाऊ, हे नाटक तं मागच्या सालीच पाह्यलं!"

तो आपल्या वाटेने गेला. गुलाबभाऊच्या हातात डाग द्यायची गरम कांडी होती, ती तो खाली ठेवायचं विसरला. कॅसेट बोलतच होती, तिकिटाचा दर सांगत होती, बायकांसाठी बसायची वेगळी सोय असल्याचं सांगत होती. सुखदेव उठला, बाहेर जाऊन खर्रा थुंकला, परत आला आणि म्हणाला, "टेप चांगला हाय."

फटफटी सुरू केली. रस्ताभर इंजिनाचाच आवाज.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरने आरसा घालून घसा पाहिला, तुकडा काढून तपासायला पाठवला. मग आम्हाला बसवून नीट सांगितलं. माणूस चांगला होता, घाईत नव्हता. म्हणाला, आवाजाची पेटी काढावी लागेल. काढली तर जगाल. बोलता येणार नाही. गळ्याला भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. मी विचारलं, "कई काढाची?" तो म्हणाला, लवकरात लवकर. सुखदेवने विचारलं, "होळीनंतर आलो तं?" डॉक्टर म्हणाला, "उशीर करू नका." बस. सुखदेवने त्यातून होळी धरली. मी 'लवकर' धरलं. दोघं एकाच बाकावर बसून एकाच माणसाचं ऐकत होतो.

घरी आल्यावर मी जे काही बोलायचं ते बोलले. मी गोड बोलणारी बाई नाही.

"जीव गेल्यावर आवाज का कामाचा?"

"आन आवाज गेल्यावर मी का कामाचा? धान कापू? ते तं तू कापतच हाय."

"तू नाई फिरला तं नाटक बंद पडणार हाय का?"

"नाई पडत," तो म्हणाला. "तेच तं."

मी उठून चूल पेटवली.

मी नाटक ठेवणाऱ्या गावच्या मंडळींना सांगितलं. ते समजदार होते. एकजण घरी येऊन म्हणाला, "सुखदेवभाऊ, तू आराम कर, यंदा आपण दुसरा पाहू." झालं. त्याच दुपारी तो तीन गावं करून आला. मी दिराला सांगितलं, तो म्हणाला, "वहिनी, तो माया बापाचं आयकत नव्हता." विहारात वंदनेला आलेल्या शिकलेल्या पोरांना सांगितलं. त्यांनी त्याला खूप समजावलं. त्याने त्यांना चहा पाजला आणि पोहोचवायला फाट्यापर्यंत गेला. मोठ्या माणसाला उचलून दवाखान्यात नेता येत नाही. बैल असता तर वेसण धरून नेलं असतं.

म्हणून मी एक दिवस तारा तोडल्या. तो नदीवर आंघोळीला गेला होता. मी टिनाच्या डब्यामागे हात घातला आणि जे हाताला आलं ते ओढून काढलं. लाल, पिवळी, काळी. चुलीत घालणार होते, पण रबराचा वास येईल म्हणून तांदळाच्या कोठीमागे टाकल्या. वाटलं, आता कसा जातो पाहू.

तो गेला. परत आल्यावर डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भोंगा तसाच अंगणात ठेवून फटफटी घेऊन गेला. चौकात उभा राहून, तोंडाला दोन्ही हात लावून, उघड्या घशाने ओरडला. हे मला दुसऱ्या गावच्या एका बाईने सांगितलं. संध्याकाळी तो आला, ओसरीवर बसला, चूळ भरली. चुळीच्या पाण्यात लाल होतं. त्याने पायाने त्यावर माती ओढली.

दुसऱ्या दिवशी मीच निरोप पाठवून गुलाबभाऊला बोलावलं. तो सायकलने आला. डब्यामागे वाकून पाहिलं.

"वहिनी, हे काई उंदरानं नाई तोडलं."

"मीच तोडलं. जोडून दे."

"तोडलं काऊन आन जोडते काऊन?"

"भोंगा असला म्हणजे त्याले कमी ओरडा लागते. जोड म्हटलं ना."

तो जोडत बसला. मी कोठीमागच्या तारा आणून दिल्या. मध्येच त्याने मान वर न करता म्हटलं, "आवाज पुरा वाढवून देतो. आता त्यानं तोंडातल्या तोंडात बोललं तरी चालन." आणि दिला त्याने वाढवून. त्यामुळे खरखरही वाढली.

आता धान मशीन कापतं. एका दुपारीत सगळं शेत मोकळं. मागे डाळीसाठी लाखोळी पेरायलाही बायांना बोलावत नाहीत, कोणी तरी एकटाच फेकून जातो. भोंगा ऑटोवर असतो. आत कोणा बाईचा भरून ठेवलेला आवाज, सगळ्या गावांना एकच. ऑटो थांबत नाही. इंजिनही चालू आणि बोलणंही चालू, आणि शब्द न् शब्द कळतो. सुखदेवने हे पाहिलं असतं तर त्या ऑटोवाल्याला अडवून, सगळं खोलून पाहिल्याशिवाय सोडलं नसतं. मला मशीनचं नवल नाही. पण ऑटो न थांबता गेला की मी दारात उगाच उभी राहते, कोणी इंजिन बंद करतं का म्हणून.

तर माघ महिनाभर आम्ही फिरलो. मी रोज मागे. घरी राहून काय करणार होते? निदान कुठे पडला तर कळेल. मोहाच्या झाडाची पानं गळायला लागली होती. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा संपत आल्या होत्या. रस्त्याने कोणी धानाच्या गाड्या भरून नेताना दिसलं की तो हात करायचा, हाक मारत नव्हता. एवढा फरक सोडला तर वरून तोच माणूस. जंगलाकडच्या एका गावी एका बाईने घरातून मूठभर हिरडे आणून त्याच्या खिशात घातले, चघळायला. तो ते चघळायचा, मग खर्रा खायचा, मग पुन्हा हिरडा.

त्या दिवसांत मी एक गोष्ट पाहिली. आधी लोक त्याचा पुकारा घरात बसून ऐकायचे. भाकरी थापता थापता, बैलाला पाणी पाजता पाजता. मग ते दारात यायला लागले. मग रस्त्यावर. शेवटी शेवटी तर फटफटी चौकात थांबली की माणसं काम टाकून यायची आणि तिला लागून उभी राहायची. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. पोरं गडबड करायला लागली की बाया त्यांच्या तोंडावर हात ठेवायच्या. भोंगा माझ्या मांडीवर होता आणि सगळे भोंग्याकडे न पाहता त्याच्या तोंडाकडे पाहायचे. नाटक कोणतं, कुठे, हे सगळ्यांना आधीच माहीत असायचं. तरी तो पूर्ण सांगायचा, आणि ते पूर्ण ऐकायचे. शेवटच्या गावी मी पत्र्यावर तळहात ठेवून बसले होते. पत्रा हलला नाही.

कोणी म्हणतं, त्याने कलेसाठी जीव दिला. मला कलेचं काही कळत नाही. त्याने मरायचं ठरवलं नव्हतं. त्याने होळीनंतर जायचं ठरवलं होतं. नाटकवाल्यांनी त्याला शाल दिली, ती मी अजून थंडीत घेते. गरम आहे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी, अंगावरचा रंग नीट धुतलेला नसतानाच, तो स्वतः म्हणाला, "चाल, नागपूर." तोच डॉक्टर होता. आरसा घालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाजूच्या शिकाऊ डॉक्टरांना इंग्रजीत काही सांगितलं. आम्हाला म्हणाला, आता कापून उपयोग नाही, पुढे सरकलं आहे. सुखदेवने मान हलवली, जशी तो पेट्रोल भरणाऱ्याला 'बस' म्हणून हलवायचा. बाहेर आल्यावर मी त्याला एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही.

मग उन्हाळाभर तो घरी होता. पेटी गळ्यातच राहिली होती, पण तिच्यातून आवाज येत नव्हता. ओठ आणि थोडी हवा, एवढंच. पाणी. उशी. ते कवाड लाव. तेंदूपान तोडायच्या दिवसांत गावात कोणी नसायचं, सगळे जंगलात. आम्ही दोघंच. मी त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकायची आणि तिथूनच उत्तर द्यायची. खूप बोललो आम्ही त्या उन्हाळ्यात. आधी कधी एवढं बोललो नव्हतो. आधी त्याला सगळ्या तालुक्याशी बोलायचं असायचं.

एक दिवस माझी नणंद भेटायला आली. दाराबाहेर चपला काढता काढता तिने ऐकलं असावं. आत येऊन म्हणाली, "वहिनी, घसा तं माया भावाचा गेला. तू काऊन कानात बोलल्यासारखी बोलून राह्यली?"

मी तिला उत्तर दिलं. तिला ते ऐकू आलं नाही.